मधले दार

आमच्या अचलपूरच्या घरी पाहुणा आला, त्याच्या प्रवासाची विचारपूस झाली, कपाशीच्या भावाविषयी दोन शब्द बोलून झाले, की कोणीतरी हटकून विचारीत असे, "मग, तुम्ही लताचे की आशाचे?" आणि गंमत अशी की, पाहुणाही क्षणाचा विलंब न लावता उत्तर देई. निवडणुकीत मत कोणाला द्यायचे हे ज्याला शेवटच्या दिवसापर्यंत ठरविता येत नसे, त्यालाही या बाबतीत मुळीच शंका नसे. लहान पोराला "आई आवडते की बाबा?" असे विचारून मोठी माणसे त्याची फजिती करतात, तसाच हा प्रश्न, फरक इतकाच की, पोर निदान गोंधळते.

मी लताची होते. इतकी, की लताचा एखादा सूर जरा हलला असे कोणी म्हटले असते, तर त्याच्या पानातली पुरणपोळी मी उचलून घेतली असती. आणि मी लताची होते म्हणूनच आशाची नव्हते. या दुसऱ्या वाक्याचा पहिल्याशी खरोखर काही संबंध आहे काय, हे मी कधी तपासून पाहिले नव्हते. तो प्रश्न मला फार उशिरा, जवळजवळ म्हातारपणी पडला. त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

कुस्तीत एक मल्ल चीत झाल्यावाचून दुसरा विजयी होत नाही. गाण्यात तसे काही नाही. लताबाईंनी एक गाणे चांगले म्हटले म्हणून आशाबाईंचे एखादे गाणे कमी होत नाही. तरीही आम्ही श्रोत्यांनी दोघींचा आखाडा केला. १९७४ साली गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात लताबाईंच्या नावावर २५,००० गाणी लागली, आणि महंमद रफींनी त्यावर हरकत घेतली. पुढे २०११ साली त्याच पुस्तकाने सर्वाधिक ध्वनिमुद्रणांचा मान आशाबाईंना दिला. दोन्ही वेळी गावातल्या चहाच्या दुकानात हिशेब झाले, जणू गाणी म्हणजे बाजार समितीत आलेले कापसाचे गाडे. फाळके पुरस्कार थोरलीला १९८९ साली मिळाला, धाकटीला २००० साली. त्या अकरा वर्षांच्या अंतरावरही लोकांनी पैजा मारल्या. दोघींनी मिळून म्हटलेली गाणी आहेत. 'चोरी चोरी'त आहे, 'मिस मेरी'त आहे, 'पडोसन'मध्ये आहे, १९८४ च्या 'उत्सव'मध्ये आहे. ती आम्ही ऐकत असू ती न्यायाधीशासारखी. कोणी कोणाला झाकले, कोणाची तान वरचढ झाली. दोघी एकाच वेळी श्वास घेत आहेत, हे कानावर पडत असूनही कोणाच्या ध्यानात येत नसे.

परंतु माझी गोष्ट निराळी होती, आणि ती मी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माझे प्रेम गळ्यावर जितके होते त्याहून अधिक आयुष्यावर होते. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात वारले, तेव्हा लताबाईंना तेरावे वर्ष चालू होते. मागे मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ अशी चार भावंडे. ही मुलगी त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये तोंडाला रंग लावून उभी राहिली. अभिनयाची तिला आवड नव्हती. 'किती हसाल'साठी म्हटलेले पहिले गाणे चित्रपटातून गाळले गेले. १९४५ साली कुटुंब मुंबईस आले. १९४९ मध्ये 'महल' निघाला, तेव्हा त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नावही नव्हते. पडद्यावरच्या पात्राचे, कामिनीचे, नाव होते. ही गाणारी कोण, अशी विचारणा लोक रेडिओकडे करू लागले. एवढे सगळे मला पाठ होते. शाळेतल्या मुलांना सनावळ्या पाठ नसतील इतके.

कारण उघड होते. माझे वडील १९६१ साली गेले. जिनिंगमध्ये कारकुनी करीत. मी सोळा वर्षांची, नुकती मॅट्रिक झालेली. पाठीवर दोन भाऊ आणि सर्वांत धाकटी बहीण. मी प्राथमिक शाळेत नोकरी धरली आणि घर माझ्या अंगावर आले. रात्री वह्या तपासताना रेडिओवर लताचा आवाज आला, की मला वाटे, ही माझ्यासारखीच आहे. मी हिच्यासारखी आहे असे नव्हे, ही माझ्यासारखी आहे! भक्तीत हा अहंकार नेहमीच असतो काय, कोण जाणे. आमच्या या भागातले गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत. भक्ताने आपले नाते आपणच ठरवावयाचे, देवाला विचारावयाचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. महाराजांच्या त्या नात्यातून वाङ्मय निर्माण झाले. माझ्या नात्यातून काय झाले ते पुढे सांगते.

दोन बहिणींपैकी एकीशी असे नाते जोडले, की दुसरीशी आपोआप काहीतरी जुळतेच. आशाबाईंची हकिगत त्या काळी घरोघर माहीत होती, किंवा माहीत आहे असे वाटे. सोळाव्या वर्षी, १९४९ च्या सुमारास, त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले, आणि तेही लताबाईंच्या कामाची व्यवस्था पाहणाऱ्या गणपतराव भोसल्यांशी. बहिणीबहिणींमध्ये दीर्घ काळ अबोला राहिला. पुढे ते लग्न टिकले नाही आणि १९६० च्या सुमारास त्या मुलांना घेऊन माहेरी परतल्या. इतके आशाबाईंनी स्वतः अनेकदा उघडपणे सांगितलेले आहे. बाकीचे आम्ही भरले. घरातली चूल पेटती ठेवायला थोरली रात्रंदिवस उभी, आणि ही निघून गेली! या "ही"मध्ये केवढा तिरस्कार मी ओतीत असे, ते आठवले की आज अंगावर काटा येतो. मी त्या बाईंना कधी पाहिलेही नव्हते.

१९६७ साली माझी धाकटी बहीण परीक्षेच्या अर्जासाठी म्हणून अमरावतीस गेली आणि नोंदणी लग्न करून परतली. परतली ती अचलपूरला नव्हे, परतवाड्याला. मुलगा लाकडाच्या डेपोवर हिशेबनीस, परजातीचा, स्वभावाने चांगला. तो चांगला आहे हे मला तेव्हाही ठाऊक होते, म्हणून तर अधिक राग आला. तिच्या कॉलेजची फी मी माझ्या पगारातून भरली होती. मी आईला म्हटले, "ही आपली आशा निघाली."

जे वाचक आमच्याकडे आलेले नाहीत त्यांना सांगते, अचलपूर आणि परतवाडा ही जुळी गावे आहेत. अचलपूर जुने, इमादशाहीची राजधानी, परकोटाचे, दर्ग्याचे, अरुंद गल्ल्यांचे. परतवाडा इंग्रजांच्या छावणीतून वाढलेला, रुंद रस्त्यांचा, मेळघाटच्या सागवानावर जगणारा. आमचे लोक अजूनही त्याला "कॅम्प" म्हणतात. नगरपालिका एकच. एका गावचा माणूस सायकलवरून दुसऱ्या गावी जाऊन भाजी घेऊन परत येई आणि घरात चहा उकळलेला नसे. एवढ्या अंतरावर माझी सख्खी बहीण सात वर्षे राहिली आणि मी तिच्याशी बोलले नाही. बाजारात समोरून आली तर मी वांगी निवडू लागे.

त्या सात वर्षांतली एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. ती सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. १९६३ च्या 'बंदिनी'त एक गाणे आहे. तुरुंगातली एक बाई जात्यावर दळता दळता गाते. श्रावणात मला माहेरी न्यायला भावाला पाठवा, असे ती वडिलांना विनविते. सचिनदेव बर्मनांचे संगीत, आणि आवाज आशाबाईंचा. ते विविधभारतीवर लागले, की आई हातातले काम थांबवी. एक दिवस तिचा पदर डोळ्यांकडे गेलेला मी पाहिला आणि उठून रेडिओचा कान पिळला. आई म्हणाली, "राहू दे नं माय, आयकू दे मले." मी म्हटले, "मला ते रडगाणे आवडत नाही." खरे पाहता ते गाणे मला इतके आवडे की, ते दुसऱ्या कोणी म्हटलेले असते तर बरे झाले असते, असे वाटे.

मला आता दिसते ते असे की, त्या एका चित्रपटात माझा सारा सिद्धांत उलटा पडलेला होता. 'बंदिनी'त लताबाईंच्या वाट्याला आले आहे ते चांदण्या रात्री प्रियकराकडे निघालेल्या मुलीचे लाजरे, चोरटे गाणे. आणि माहेर सोडून गेलेल्या आशाबाईंच्या वाट्याला माहेर. ऐकणाऱ्याला कान असते तर तेवढ्यावरून उमजले असते. परंतु ज्याने निकाल आधी लिहून ठेवला आहे त्याला साक्षीदाराचा काय उपयोग?

येथे खरा नैतिक प्रश्न आहे असे मला वाटते. ज्याने घर वाहिले, त्याचा घरातल्यांच्या आयुष्यावर कितपत हक्क पोचतो? हा प्रश्न मंगेशकरांच्या घराचा नाही, किंवा त्यांचा असला तरी तो त्यांनी पाहावयाचा होता. तो आपल्या अनेक घरांचा आहे. बाप गेलेल्या प्रत्येक घरात एक थोरले मूल असते. त्याचे लग्न राहते किंवा लांबते, शिक्षण तुटते. हे मूल दुसऱ्यांसाठी जे करते ते उपकार म्हणून करते की उसने म्हणून देते? वाटीभर साखर उसनी दिली, तर ती परत मागण्यात पाप नाही. पण ती वाटी देताना "असू द्या हो, परत कशाला!" असे म्हणावयाचे आणि मनात मात्र वाटीची नोंद ठेवावयाची, हे आम्ही थोरल्या मुली सर्रास करतो. आया हिशेब ठेवीत नाहीत, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. आयाही ठेवतात, फक्त तो वाचून दाखवीत नाहीत. थोरल्या बहिणीची अडचण अशी की, तिला काम आईचे मिळते आणि आईचे मन त्या वयात कोठून मिळणार?

या ठिकाणी थोरलीच्या बाजूने बोलणेही मला भाग आहे. जी निघून जाते तिच्या धाडसाचे कौतुक अलीकडे फार होते. ते योग्यही आहे. पण तिने टाकलेला भार हवेत नाहीसा होत नाही, तो मागे राहिलेल्यांपैकी कोणाच्या तरी डोक्यावर येतो. माझ्या बहिणीच्या लग्नानंतर मधल्या भावाची सोयरीक दोन ठिकाणी मोडली. ती मोडायला नको होती, लोक मूर्ख होते, हे सगळे मान्य. पण मोडली खरी, आणि त्या दोन्ही वेळी निरोप घेऊन आलेल्या माणसांना पाणी मी दिले. राग येणे ही माणसाची चूक नव्हे. पुन्हा, १९४९ साली लताबाई स्वतः जेमतेम वीस वर्षांच्या होत्या, हे आम्ही सारे विसरतो. वीस वर्षांच्या मुलीने सोळा वर्षांच्या बहिणीशी कसे वागावयास हवे होते, हे मी ऐंशीव्या वर्षी आरामखुर्चीत बसून सांगावे, हे शोभत नाही.

चूक पुढे सुरू होते. राग शिक्षेत बदलतो, आणि ती शिक्षा आपण देत नसून नीतीच देत आहे, असे आपल्याला वाटू लागते, तेथे. माझ्या हातून हे झाले आणि त्या कामी मी लताबाईंना वापरले. पाहा, ती कशी राहिली, तिने कसा त्याग केला! ज्या बाईंनी आपल्या घरात काय केले ते मला ठाऊक नव्हते, त्यांच्या नावाने मी माझ्या घरात निवाडे देत होते.

आशाबाईंवर तर मी दुहेरी अन्याय केला. त्यांना सुरुवातीची अनेक वर्षे लहानसहान चित्रपट आणि इतरांच्या हातून सुटलेली गाणी मिळत. 'नया दौर' आला १९५७ साली, तोवर लताबाईंच्या आवाजाने सगळे अंगण व्यापलेले होते. त्या अंगणात उभे राहायचे तर थोरलीसारखे गाऊन चालणार नव्हते. त्यांनी गळ्याला मुद्दाम निराळी वळणे लावली; खट्याळ, तालाला झोंबणारी, पडद्यावरच्या नाचणाऱ्या बायकांची गाणी घेतली. हा कष्टाने शोधलेला मार्ग होता. मी त्याला स्वभाव समजले. गाण्यावरून बाईची परीक्षा! खलपुरुषाचे काम करणाऱ्या नटाला कोणी पोलिसांच्या हवाली करीत नाही. पण गाणाऱ्या बाईला मात्र आपण तिच्या गाण्यातल्या बाईसह घरात घेतो किंवा घराबाहेर काढतो.

बहिरमच्या जत्रेचे आठवते. पौषात थंडी मी म्हणत असते, रोडगे भाजण्याचा धूर, मटणाच्या हंड्या, आणि त्या दिवसांत तंबूंतून तमाशाचे फड. कर्ण्यावर 'मराठा तितुका मेळवावा' या चित्रपटातली आशाबाईंची एक लावणी सारखी वाजे. शान्ता शेळक्यांची, रेशमाच्या कशिद्याची. मी शाळेच्या बाईपणाने नाक मुरडून म्हणे, "लता असे कधी करणार नाही." संगीतकाराचे नाव 'आनंदघन'. हा कोण, याची कधी चौकशी केली नाही. पुढे 'साधी माणसं'च्या संगीताला राज्याचा पुरस्कार मिळाला आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकरच, हे उघड झाले. म्हणतात, त्या समारंभात नाव पुकारले तरी त्या जागेवर गप्प बसून होत्या. मला ही बातमी बऱ्याच उशिरा वाचायला मिळाली. मी ती दोनदा वाचली. ज्या लावणीवर मी नाक मुरडीत होते तिची चाल माझ्या देवीने बांधली होती, आणि ती गायला आपल्या बहिणीला दिली होती.

आता यावरही भक्त उत्तर शोधतोच. मी शोधले. म्हटले, बघा, सोज्ज्वळ ते स्वतःकडे ठेवले आणि लावणी धाकटीकडे लोटली! आशाच्या भक्तांनी तर हेच म्हटले असते. म्हणजे पुरावा तोच आणि त्यातून लताचा भक्त एक काढतो, आशाचा दुसरे. मग पुराव्याला अर्थ काय राहिला? सरळ अर्थ कोणाला सुचत नाही: एकीने चाल बांधली, ती कोणाच्या गळ्यात शोभेल ते तिला कळत होते, आणि तिने तिला बोलाविले.

आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांनी तर आम्हा भक्तांची पुरती फजिती करून ठेवली आहे. हृदयनाथांनी त्यांच्या कवितांना चाली दिल्या आणि दोन्ही बहिणींनी त्या गायिल्या. भटांचे ते दिवा मालवायला सांगणारे गीत, मराठीतले शृंगाराचे इतके धीट गाणे, कोणी म्हटले? लताबाईंनी. आणि १९७९ च्या 'सिंहासन'मधले, फसलेल्या उषःकालाचे, देशाच्या दशेवर जळणारे गाणे? ते आशाबाईंचे. कवी एक, भाऊ एक, दोघी बहिणी. आणि आम्ही ठरवून दिलेल्या खोल्यांत राहायला त्यांतले कोणी तयार नाही.

१९७४ साली आई आजारी पडली. भावाने न विचारता परतवाड्याला निरोप दिला. बहीण आली, पायरीवर चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईसाठी पेज ठेवली. मीठ कोठे आहे हे तिने विचारले नाही, कारण ते सात वर्षे त्याच फळीवर होते. क्षमा वगैरे कोणी कोणाची मागितली नाही. संध्याकाळी ती निघाली तेव्हा मी म्हटले, "उद्या येताना लिंबं आण." आई आणखी दोन वर्षे जगली. रेडिओचा कान पिळल्याचे मी बहिणीला सांगितले ते आई गेल्यावर, कितीतरी वर्षांनी. ती हसली, पण त्या दिवशी जेवली नाही.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. बहीण सकाळीच माझ्याकडे आली होती. तिचे यजमान आता नाहीत. आठवड्यातले चार दिवस ती येथेच असते. आम्ही दोघी दिवसभर टीव्हीसमोर बसून होतो. संध्याकाळी शिवाजी पार्कवरचे दृश्य दिसू लागले. गर्दीतून कॅमेरा आशाबाईंच्या चेहऱ्यावर येई आणि पुन्हा दूर जाई. आम्ही दोघीही त्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि पहिल्यानेच मला त्यातून काही काढून घ्यावेसे वाटले नाही.

मग काहीतरी बोलावे म्हणून मी तिला पेडर रोडवरच्या 'प्रभुकुंज'ची हकिगत सांगितली. दोघी बहिणींची घरे तेथे शेजारीशेजारी होती, आणि दोन घरांमध्ये एक दार होते असे सांगतात. इतके वर्षांचे गैरसमज, इतक्या लोकांनी लावलेल्या पैजा, आणि भिंतीत एक साधे दार! मला ही गोष्ट फार आवडते. शाळेत शिकविल्याची सवय; मी त्या दारावर बराच वेळ बोलले असेन.

बहिणीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्या दाराले कडी कोणत्या बाजूनं होती, हे कुठी छापून आलं काय वो ताई?"

मी म्हटले, "नाही."

"मंग!" ती म्हणाली. पडद्यावर कोणते तरी जुने गाणे लावले होते, दोघींचे. ती आवाज वाढवायला उठली.